चिनी विद्यापीठाचा जन्म

१९०५ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस पेकिंगच्या मांचू दरबारानें एक फर्मान काढलें. पुढील वर्षापासून राज्याच्या परीक्षा कायमच्या बंद करण्यांत येत आहेत, असा त्याचा आशय होता. एखादी परीक्षा बंद झाली यांत इतिहासानें दखल घेण्याजोगें काय आहे, असें आपणांस कदाचित् वाटेल. परंतु ही परीक्षा साधी नव्हती. सुमारें तेराशें वर्षें तिनें चीनचे अधिकारी निवडले होते. मुलानें कोणते ग्रंथ पाठ करावे, गुरुजींनीं काय शिकवावें आणि घराण्याची प्रतिष्ठा कशानें मोजावी, हेंहि तीच ठरवीत आली होती. म्हणून चीनमधील आधुनिक विद्यापीठांची कथा एखाद्या इमारतीच्या कोनशिलेपासून सुरू करून चालत नाहीं. ती या परीक्षेपासूनच सुरू करावी लागते. विद्या ही अधिकारपदाची शिडी आहे, कीं तिला स्वतःचें असें कांहीं प्रयोजन आहे, या एका प्रश्नाशीं चिनी विद्यापीठाला जन्मापासून झगडावें लागलें. त्या झगड्याची हकीकत आज आपल्यापुढें मांडण्याचें मी योजिलें आहे.

प्रथम ती जुनी परीक्षा कशी होती तें पाहूं. तिच्या मुख्य पायऱ्या तीन. खालच्या पायरीवर उत्तीर्ण होणारास ‘श्यू-त्साय’, प्रांताच्या राजधानींत बहुधा दर तीन वर्षांनीं होणाऱ्या परीक्षेंत यशस्वी होणारास ‘च्यु-रेन’, आणि पेकिंग येथील अखेरच्या कसोटीस उतरणारास ‘चिन-शिह’ अशी पदवी मिळे. नानकिंगच्या परीक्षागृहांत वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. एका कोठडींत एक उमेदवार आणि दोन फळ्या. दिवसां एक फळी बसावयास व दुसरी लिहावयास. रात्रीं दोन्ही जोडून त्यांवर अंग मुडपून निजावयाचें. शिधा बरोबर न्यावयाचा. अशीं तीन सत्रें होत, आणि प्रत्येक सत्रांत दोन रात्री त्या कोठडींत काढाव्या लागत. भर मुख्यतः कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील ग्रंथांवर, आणि त्यांतील वचनांवर लिहावयाच्या ‘आठ पायांच्या’ निबंधावर असे. आठ ठराविक भागांत, तोलून मापून बसविलेला हा लेख साधण्यांत माणसांचें अर्धें आयुष्य खर्ची पडे.

या पद्धतीला केवळ हंसून चालणार नाहीं. उमेदवाराचें नांव झांकून टाकीत. हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून उत्तरपत्रिकेची नक्कल लेखनिकाकडून करून घेऊन तीच परीक्षकापुढें ठेवीत. स्त्रियांना आणि कांहीं हीन मानलेल्या धंद्यांतील लोकांना तेथें मज्जाव होता, आणि वर्षानुवर्षें मुलाला पुस्तकांपाशीं बसविण्याचें सामर्थ्य गरिबाच्या घरीं क्वचितच असे. तरीहि शेतकऱ्याच्या मुलाला मोठ्या पदाचें स्वप्न पाहण्याची मुभा ज्या काळीं फार थोड्या देशांत होती, त्या काळीं ती चीनमध्यें होती. दोष होता तो निराळाच. या एका शिडीनें सारी विद्या आपल्याकडे ओढून घेतली होती. गणित जाणणारा, यंत्र जाणणारा, समुद्र जाणणारा मनुष्य चीनमध्यें नव्हता असें नाहीं. पण त्याच्या ज्ञानाला त्या शिडीवर पायरी नव्हती.

ही उणीव उघडी पडली ती तोफांच्या माऱ्याखालीं. आणि त्या प्रकरणाशीं आपल्या मुंबईचाहि संबंध आहे. ज्या अफूवरून १८३९ सालीं चीन व इंग्लंड यांच्यांत युद्ध जुंपलें, तिचा एक मोठा वांटा माळव्यांत पिकून मुंबई बंदरांतून जहाजांवर चढत असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ति चीनच्या व्यापारांतून उभी राहिली होती, आणि त्यांत अफूचाहि भाग होता. त्यांच्याच देणगीच्या बळावर १८५७ सालीं मुंबईंत कलाशाळा सुरू झाली. त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठाचीहि स्थापना झाली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, दुसऱ्या अफू-युद्धांत, इंग्रज व फ्रेंच तोफा कँटन शहरावर आग ओकीत होत्या. दोन बंदरांच्या या दोन हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे मन थोडें अस्वस्थ होतें.

१८५८ च्या तहांत इंग्रजांनीं एक कलम घातलें. यापुढें त्यांच्या वकिलांचे खलिते इंग्रजींत येतील, आणि अर्थाविषयीं वाद पडल्यास इंग्रजी पाठच प्रमाण मानला जाईल. शत्रूची भाषा जाणणारा एकहि भरवशाचा मनुष्य दरबारापाशीं नव्हता. १८६० सालीं परकी फौजा पेकिंगमध्यें शिरल्या, बादशाही उद्यानवाडा जळाला, आणि राजपुत्र कुंग याच्यावर तह पुरा करण्याची पाळी आली. या अनुभवांतून १८६२ सालीं पेकिंगमध्यें ‘तुंग-वेन-क्वान’ ही भाषाशाळा निघाली. आरंभीं विद्यार्थी दहा, सगळे मांचू घराण्यांतले. शिकविणारा एक इंग्रज मिशनरी. चीनच्या राज्यकर्त्यांनीं पाश्चात्य विद्येसाठीं उघडलेलें हें पहिलें दार.

पण भाषा शिकून तोफ ओतितां येत नाहीं. म्हणून पांच वर्षांच्या आंत या शाळेंत गणित व ज्योतिष शिकवावें असा बेत राजपुत्र कुंग यानें मांडला, आणि १८६७ सालीं दरबारांत मोठा वाद माजला. वोरेन नांवाचे वृद्ध महापंडित पुढें सरसावले. राज्याचा पाया विनय व नीति यांवर असतो, कलाकौशल्यावर नसतो. शिवाय ज्या परकीयांनीं आपला अपमान केला त्यांनाच गुरु करावयाचें काय, असा त्यांचा सवाल होता. एवढ्या विशाल देशांत गणित शिकविणारा स्वकीय सांपडणार नाहीं हें शक्य नाहीं, असेंहि ते म्हणाले. दरबारानें उत्तर मोठें मार्मिक दिलें: असे स्वकीय पंडित आपणच सुचवावे, आणि आपणच त्यांची शाळा काढावी. वोरेन यांना आपल्या माहितींत असा कोणी नाहीं हें कबूल करावें लागलें. पुढें त्यांची नेमणूक परराष्ट्र-कचेरींतच झाली, तेव्हां घोड्यावरून पडल्याचें निमित्त होऊन त्यांनीं रजा मागितली! वाद राजपुत्रानें जिंकला. ली शान-लान हे नाणावलेले चिनी गणिती शाळेंत अध्यापक म्हणून आले. परंतु वोरेन यांच्या बोलण्याचा परिणाम झालाच. प्रतिष्ठित घरांतील पदवीधर त्या शाळेच्या वाटेस फारसे फिरकले नाहींत.

याचें कारण केवळ परकीयांचा तिटकारा हें नव्हतें. नवी विद्या शिकून जावयाचें कोठें, हा खरा प्रश्न होता. येन फू याचें चरित्र या बाबतींत पाहण्यासारखें आहे. वडील वारल्यामुळें जुन्या अभ्यासाचा खर्च झेपेना, म्हणून हा मुलगा फूचौच्या नव्या नाविक शाळेंत गेला. तेथून तो इंग्लंडांत ग्रीनिच येथें शिकून आला. हक्स्ले, ॲडम स्मिथ, मिल, मोंतेस्क्यू यांना चिनी वाचकांपुढें आणणारा हाच पुढचा मोठा भाषांतरकार. परंतु मायदेशीं परत आल्यावर त्याला कळून चुकलें कीं, जुन्या पदवीवांचून आपल्या शब्दाला वजन नाहीं. त्यानें १८८५ ते १८९३ या काळांत चार वेळां प्रांतिक परीक्षा दिली, आणि चारहि वेळां तो नापास झाला.

युंग विंग याची कथाहि अशीच. अमेरिकेंतील येल विद्यापीठाची पदवी १८५४ सालीं मिळविणारा हा पहिला चिनी मनुष्य. चिनी मुलांना लहान वयांतच अमेरिकेंत शिकावयास पाठवावें, हा ध्यास त्यानें घेतला. १८७२ पासून चार वर्षें, दरसाल तीस याप्रमाणें, १२० मुलगे सरकारी खर्चानें अमेरिकेस गेले. मुलें इंग्रजी बोलूं लागलीं, चेंडूफळी खेळूं लागलीं, कित्येक ख्रिस्ती धर्माकडे झुकलीं, कांहींनीं तर शेंडीहि कापली. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना धसका बसला. शिवाय अमेरिकन सरकारनें आपल्या लष्करी शाळांचीं दारें या मुलांना उघडलीं नाहींत. १८८१ सालीं सर्वांना परत बोलाविण्यांत आलें. तेव्हां पदवीपर्यंत पोंचलेले फारच थोडे होते. त्यांतील एक, चान तिएन-यू, यानें १९०५ ते १९०९ या काळांत पेकिंगहून डोंगर ओलांडून कालगानला जाणारा लोहमार्ग परकीय इंजिनियरांवांचून बांधून दाखविला. अर्ध्यावर मोडलेल्या प्रयोगाचें हें फळ. तो पुरा झाला असता तर काय झालें असतें, ही हळहळ चिनी लेखकांनीं पुष्कळदां व्यक्त केली आहे.

या अर्धवट प्रयत्नांची झोप मोडली ती १८९५ सालीं. जपाननें, ज्याला चीन आपला शिष्य मानी त्या जपाननें, चीनचा सपशेल पराभव केला. त्याच वर्षीं टिएन्ट्सिन येथें अमेरिकन धर्तीवर एक विद्यालय निघालें. कायदा, बांधकाम, खाणी व यंत्रशास्त्र हे त्याचे विषय, आणि तेंच पुढें पेयांग विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आलें. पाठोपाठ १८९६ सालीं शांघायला व १८९७ सालीं हँगचौला नव्या शाळा निघाल्या. आणि १८९८ च्या उन्हाळ्यांत तरुण बादशहा क्वांग-शू यानें कांग यु-वेइ, लिआंग छि-चाव वगैरे सुधारकांच्या सल्ल्यानें फर्मानांमागून फर्मानें काढलीं. पेकिंगमध्यें राजधानीचें विद्यापीठ स्थापन करावें, हें त्यांतलें प्रमुख.

हा सुधारणांचा बहर १०३ दिवस टिकला. सप्टेंबरांत राजमाता त्सू-शी हिनें सत्ता हातीं घेतली, बादशहाला नजरकैदेंत ठेवलें आणि सहा सुधारकांचा शिरच्छेद करविला. बहुतेक फर्मानें रद्द झालीं. विद्यापीठ मात्र वांचलें, आणि एका राजकन्येच्या जुन्या वाड्यांत भरूं लागलें. दोन वर्षांनीं बॉक्सर बंडाच्या वणव्यांत तेंहि बंद पडलें. त्याची व्यवस्था पाहणारे मंत्री शू चिंग-छंग यांनीं सर्व परकी राष्ट्रांशीं एकदम युद्ध मांडण्यास विरोध केला, म्हणून १९०० च्या जुलैमध्यें दरबारानें त्यांना देहांत शिक्षा दिली. विद्यापीठ १९०२ सालीं पुन्हा उघडलें, तेव्हां जुनी भाषाशाळाहि त्यांत विलीन झाली.

आतां खुद्द राजमातेलाच सुधारणा हवी होती. नमुना होता विजेत्या जपानचा. जपान जवळ, तेथें राहणें स्वस्त, लिपि पुष्कळशी ओळखीची. १९०५-०६ च्या सुमारास तेथें शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली होती. चांग चि-तुंग या वजनदार सुभेदाराचा सिद्धान्त असा कीं, चिनी विद्या हा गाभा ठेवावा आणि पाश्चात्य विद्या कामापुरती वापरावी. त्याच्या सहभागानें १९०४ च्या आरंभीं बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतची सबंध शिक्षणपद्धति कागदावर तयार झाली. पण तिच्या पोटांत एक मोठी गंमत होती. नव्या विद्यापीठांतून उत्तीर्ण होणारास मिळावयाची होती तीच जुनी ‘चिन-शिह’ पदवी, आणि तिच्या मागून येणारें सरकारी पद! शिडी नवी बांधली. ती टेकविली मात्र जुन्याच भिंतीला.

दोन शिड्या शेजारीं असतां माणूस ओळखीचीच चढतो. जुनी परीक्षा चालू आहे तोंवर शाळांना कोणी पैसा देईना, मुलगा पाठवीना. चांग चि-तुंग व त्याचे सहकारी प्रथम दहा वर्षांत ती हळूहळू बंद करावी या मताचे होते. पण १९०५ सालीं जपाननें रशियासारख्या बलाढ्य राष्ट्रालाहि नमविलें, आणि थांबावयास वेळ नाहीं असें या मंडळींना वाटलें. चांग, युआन शि-काय व इतर सुभेदारांनीं मिळून अर्ज केला, आणि आरंभीं सांगितलें तें फर्मान निघालें. हजारों गांवांतल्या पंतोजींची पोटाची विद्या त्या दिवशीं निकामी झाली. सुशिक्षित तरुणाला सिंहासनाशीं बांधणारा दोरहि तुटला. सहा वर्षांनीं, १९११ सालीं, क्रांति झाली तेव्हां ते सिंहासन सांवरावयास फारसे पंडित धांवले नाहींत.

फर्मानानें परीक्षा गेली. परीक्षेनें घडविलेलें मन गेलें काय? १९१२ सालीं प्रजासत्ताक आल्यावर राजधानीच्या विद्यापीठाचें ‘पेकिंग विद्यापीठ’ असें नामकरण झालें, आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला चार वेळां नापास झालेला तो येन फू. दैवाचा खेळ असा कीं, परीक्षा बंद झाल्यानंतर बुडत्या दरबारानें त्याला सन्मान म्हणून ‘चिन-शिह’ पदवी बहाल केली होती! विद्यापीठाचें वळण मात्र बदललें नव्हतें. अधिकाऱ्यांचीं मुलें नोकरचाकर घेऊन तेथें राहात. गडीमाणसें त्यांना ‘सरकार’ म्हणत. रात्री जुगारांत, नाटकांत व त्याहून हीन ठिकाणीं जात. ओढा कायद्याच्या वर्गाकडे, कारण तेथून कचेरीचा रस्ता जवळ. शिक्षकहि जो मोठा हुद्देदार तोच त्यांना आवडे. तो वर्गावर आला नाहीं तरी चाले, पुढें त्याचा वशिला उपयोगी पडे.

अशा वेळीं, १९१७ च्या जानेवारींत, त्साय युआन-पेइ हे त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. हे गृहस्थ जुन्या शिडीच्या अगदीं शेंड्यापर्यंत चढलेले. पंचविशीच्या आंत ‘चिन-शिह’, मग बादशाही विद्वत्सभेचे सदस्य. तें सर्व सोडून त्यांनीं क्रांतीचा मार्ग धरला, चाळिशींत जर्मनींत लाइप्झिगला जाऊन तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, आणि प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून कांहीं महिने काम पाहिलें. त्यांनीं पहिल्याच भाषणांत विद्यार्थ्यांना स्पष्ट बजावलें कीं, विद्यापीठ हें उच्च ज्ञानाच्या संशोधनाचें स्थान आहे; ज्याला अधिकार व पैसा हवा त्यानें दुसरीकडे जावें. शिडीच्या टोंकावरून खालीं उतरलेल्या माणसानें हें सांगितलें, म्हणूनच त्याला धार आली.

आणि ते नुसतें बोलले नाहींत. जुन्या विचारांवर प्रखर हल्ला चढविणारा छन तु-शिउ त्यांनीं साहित्यशाखेचा प्रमुख नेमला; बोलभाषेंत लिहा म्हणणारा हु शिह अमेरिकेहून आला. पण त्याच वर्गांत पाठीवर शेंडी मिरविणारे, राजेशाहीचे कट्टर पुरस्कर्ते कु हुंग-मिंगहि इंग्रजी काव्य शिकवीत राहिले. मत कोणतेंहि असो, विद्या खरी असली म्हणजे पुरे, असा त्साय यांचा दंडक होता. विद्यापीठाची पदवी नसलेला लिआंग शु-मिंग हा चोविशींतला तरुण त्यांनीं केवळ एका लेखावरून हेरला, आणि त्याला भारतीय तत्त्वज्ञान शिकविण्यास बोलाविलें. उपनिषदांचा व बौद्ध मतांचा विचार पेकिंगच्या वर्गांत असा पोंचला. १९२० सालीं मुलींनाहि या विद्यापीठानें प्रवेश दिला. मिशनरी संस्थांनीं मात्र त्याआधींच नानकिंग येथें १९१५ सालीं स्त्रियांचें महाविद्यालय चालू केलें होतें.

या नव्या वळणाची कसोटी लवकरच लागली. पॅरिसच्या तहपरिषदेंत शांटुंगमधील जर्मनांचे हक्क चीनला परत न मिळतां जपानला दिले गेले, हें कळतांच १९१९ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस सुमारें तीन हजार विद्यार्थी पेकिंगच्या तिएन-आन-मेन द्वारापुढें जमले. ३२ जणांस अटक झाली. त्यांना सोडवून मगच त्साय यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. आठच वर्षांपूर्वीं तेथील पदवीधर मांचू बादशहाच्या चाकरीची वाट पाहात होते. आतां त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी सरकारला जाब विचारीत होते. चिनी विद्यापीठाचा जन्म कोणत्या सालीं झाला असें मला कोणी विचारलें तर मी १८९८ हें उत्तर देईन खरें. पण त्याला कंठ फुटला तो या दोन वर्षांत, असेंहि म्हणेन.

पुढची कथा मोठी आहे. १९३७ सालीं जपाननें आक्रमण केलें, तेव्हां उत्तरेकडील तीन विद्यापीठें एकत्र होऊन प्रथम चांगशाला व तेथून दूर नैर्ऋत्येस कुनमिंगला गेलीं. अडीचशेंहून अधिक विद्यार्थी व कांहीं अध्यापक यांनीं ती वाट बव्हंशीं पायीं तुडविली. पत्र्याच्या छपराखालीं भरणाऱ्या त्या वर्गांत जे शिकले त्यांपैकीं यांग चन-निंग व ली त्सुंग-ताव यांना १९५७ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हे तरुण पद मिळविण्यासाठीं उपाशीपोटीं डोंगर चढून गेले नव्हते. उलट १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीनें प्रवेशपरीक्षाच उठविली, आणि विद्येचें प्रयोजन ठरविण्याचा अधिकार पुन्हा राजसत्तेनें आपल्याकडे घेतला. १९७७ सालीं परीक्षा परत आली तेव्हां सुमारें ५७ लाख उमेदवार बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. आतां दरसाल जूनमध्यें एक कोटीहून अधिक मुलें ती देतात, आणि आईबाप परीक्षागृहाच्या फाटकाबाहेर ताटकळत उभे राहतात. नानकिंगच्या कोठड्या गेल्या, फाटक राहिलें.

श्रोतेहो, ही परक्या देशाची गोष्ट म्हणून ऐकून सोडून देण्याजोगी नाहीं. आपल्याकडेहि १८५७ नंतर पदवी म्हणजे नोकरीचा परवाना हें समीकरण घरोघरीं बसलें, आणि तें पुसण्यास एखादें फर्मान पुरे पडत नाहीं हें आपण अनुभवानें जाणतों. पोट भरण्यासाठीं विद्या शिकणें यांत लाज नाहीं. पण विद्यापीठांत निदान एक खोली अशी असावी कीं, जिच्यांत शिरणारास ‘पुढें काय मिळणार?’ असें कोणी विचारणार नाहीं. पेकिंगच्या एका जुन्या पंडितानें ती खोली उघडी ठेवण्यासाठीं आपल्या पदाचा राजीनामा तयार ठेवला होता.